यौवनलोपी

मी तुळजाबाई केदारी, राहणार लवळे, वय बासष्ट. आधार कार्डावर पासष्ट हाय, पण ते लिवणाऱ्याचं चुकलंया. आधीच सांगून ठिवते, मला मदी-मदी टोकल्यालं खपत न्हाई. आमच्या वरच्या तीन खोल्यांत कालेजच्या पोरी भाड्यानं ऱ्हात्यात, त्या सारख्या म्हणत्यात, "आजी, हळू सांगा ना, आजी, परत सांगा ना." परत-बिरत काय न्हाई. एकदाच सांगणार. कान दिऊन ऐका.

झालं आसं, की भात झोडून घरात आलं आन् आमच्या मालकांना ताप आला. मालक म्हंजी माजे नवरे. सगळं गाव त्यांना तात्या म्हणतं. जुने पैलवान. तीन-चार जत्रांत शेवटची कुस्ती त्यांचीच आसायची, आजून बी मान बगा, खांद्यातनं डायरेक डोकंच सुरू हुतं. दुसऱ्या दिशी मला ताप. मग दोघांना खोकला, मग दोघांना दम. आमचं पोरगं अमोल हिंजवडीला कंपनीची क्याब चालवतंय, त्यानं आमाला मागच्या शीटवर टाकलं आन् पिरंगुटला दयानंद डाक्टरकडं आणलं. डाक्टरनं छाती ऐकली, बोटाला चिमटा लावला आन् म्हणला, "विषाणूचा न्यूमोनिया दिसतोय. दोघांचाही छातीचा सीटी स्कॅन करून घ्या."

"शिटी?" मी म्हणलं. "आवो, हितं दम निगंना आन् तुमी शिटी कसली वाजवायला लावताय?"

डाक्टरला हसू आलं. मला खोकला आला.

तर शिटी बी झाली, आन् आठ दिस दवाखान्यात शेजारी-शेजारी झोपून सलाईन बी झाली. माजा ताप चवथ्या दिशी उतरला. मालकांचा पाचव्या दिशी. घरी सोडायच्या दिशी डाक्टरनं शिटीचे दोन मोठाले लिफाफे पुढ्यात घेतले, आतले कागूद वाचले आन् चष्मा वर केला.

"फुप्फुसं दोघांचीही सुधारतायत," डाक्टर म्हणला. "पण तुळजाबाई, तुमच्या रिपोर्टात एक मजेशीर गोष्ट आहे. छातीच्या हाडामागं थायमस नावाची ग्रंथी असते. आम्ही शाळेत मराठीतून शिकलो, तेव्हा तिला यौवनलोपी ग्रंथी म्हणायचे. लहानपणी चांगली मोठी असते, तारुण्य आलं की लोपायला लागते, आणि आपल्या वयात तिथं नुसती चरबी उरते. तुमची मात्र वाढलेली दिसतेय. अशा न्यूमोनियात काही जणांची परत जागी होते."

"म्हंजी वो काय?"

डाक्टरनं मालकांकडं बगितलं. पैलवान माणूस, त्याला कळंल आसं सांगावं म्हणून म्हणला, "तात्या, तालीम समजा. रोगाशी कुस्ती करणाऱ्या पेशी या तालमीत तयार होतात. माणूस मोठा झाला की तालीम हळूहळू बंद पडते. बाईंची परत उघडलीय. अशा माणसांना बरं व्हायला जोर मिळतो, असं आता डॉक्टर लोकांना दिसायला लागलंय. अभ्यास चालू आहे अजून."

"आन् माजी?" मालकांनी इचारलं.

"तुमची या वयात असते तशीच. चरबी. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही."

आता डाक्टर शेवटचं वाक्य बोलला, मी ऐकलं, पण मालकांचे कान 'चरबी'पाशीच बंद झाले. आन् मी? खोटं कशाला बोलू, मी तर 'यौवन' येवढंच घेतलं. लोपी-बिपी डाक्टरपाशीच ऱ्हायलं.

घरी आले त्याच दिशी दुपारी हेमलता आली. ही आमच्या भावकीतली माजी जाऊ. हातात पपई, आन् डोळे घरात काय नवीन हाय ते बगत फिरत्यात. मी तिला सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण त्वांडात तीळ भिजत न्हाई माज्या.

"आगं बया!" ती म्हणली. "म्हंजी तुजं यौवन वाढलंया?"

"रिपोटात लिवलंया."

"कुटं?"

"छातीच्या हाडामागं."

हेमलतानं मला खाली-वर निरखलं. "दिसंना तर काय."

"मेले, मागं हाय म्हणलं ना! मागचं पुढनं कसं दिसंल?"

मग तिनं काय करावं? माज्या पुढ्यात माजी उष्टी कपबशी व्हती, तळाला दोन घोट च्या ऱ्हायला व्हता. बाईनं कप उचलला आन् गटागट पिऊन टाकला. "लागू दे मला बी," म्हणली आन् पदरानं त्वांड पुसलं.

"आगं, निमोनिया लागंल बाई!"

"लागू दे. निमोनिया जातोय आठ दिसात. यौवन तर ऱ्हातंय का न्हाई?"

तिला काय बी लागलं न्हाई, माजं दुसऱ्याला लागायचं दिस तवर सरल्यात आसं डाक्टर म्हणलाच व्हता. पण दुसऱ्या दिशी दारात सात बाया. एक म्हणती, मटणानं वाढती का? दुसरी म्हणती, माज्या सासूची नका वाढवू, हाय तेवढीच बास. देवळापुढचे म्हातारे तर मला बगून धोतर सावरून बसाया लागले. मी बी कमी न्हाई. डोक्याला काळी मेंदी लावली, कालेजच्या गेटापुढच्या झेराक्सवाल्याकडनं रिपोटाचा झेराक्स ल्यामिनेट करून आणला आन् देव्हाऱ्याच्या बाजूला खिळ्याला टांगला. कुणी "तुळजाबाई, वयाच्या मानानं..." आसं सुरू केलं, की मी नुसतं तिकडं बोट करायची.

आन् मग जुईली म्हणली, "आजी, यौवन आलंय ना, मग स्कूटी शिका."

जुईली म्हंजी वरच्या खोलीतली पोर, नगरकडची, तिची पांढरी स्कूटी आमच्या गोठ्यात उभी आसती. तिनं चेष्टा केली व्हती. मी चेष्टा केली न्हाई. मला ल्हानपणी सायकल शिकायची व्हती, आमचे आबा म्हणले, पोरीच्या जातीचं पाय दिसत्यात. पन्नास वर्सं ती सायकल माज्या नरड्यात आडकून व्हती. मी म्हणलं, काड गाडी.

एक सांगते. नऊवारीपरीस गाडीवर बसायला सोयीचं कापड जगात न्हाई. मागं कासोटा, पाय मोकळे, पदर खवला की झालं. त्या पंजाबी ड्रेसवाल्यांच्या वढण्या चाकात जात्यात, माजं काय जात न्हाई. पहिल्या दिशी पेंढ्याच्या गंजीत घुसले. दुसऱ्या दिशी परत त्याच गंजीत, पण जरा येगानं. आठ दिसांनी गंज हिकडं आन् मी रस्त्यावर! कच्चं लायसन काडलं, गाडीला पुढं-मागं लाल 'एल' चिकटवला. भावकीतल्या शंभूनं इचारलं, "काकी, एल म्हंजी काय वो?" मी म्हणलं, "लई."

लवळ्याचा उतार उतरताना काय वाटतं म्हणून सांगू! वारा त्वांडावर, पोटात गुदगुल्या, मागं जुईली वरडतीया, "आजी, ब्रेक! आजी, ब्रेक!" आन् मी हसतीया खिदीखिदी, बासष्ट वर्सांची बाई, कालेजची पोरं मोबाईल काडून बगत्यात. अमोल एक दिस क्याब घिऊन समोरनं आला. काच खाली करून म्हणला, "आई, तू म्हातारपणी हे काय चळ लावून घेतलंस?" मी म्हणलं, "म्हातारपणी? रिपोट वाच." आन् हारण वाजवून फुडं गेले. येवढी हौस माज्यात व्हती हे मलाच ठावं नव्हतं.

पण फाटकातनं आत आलं, की सगळं हसू उंबऱ्याबाहीर ऱ्हायचं.

मालक उठत नव्हते. घरी आल्यापास्नं त्यांनी कॉट धरली ती धरलीच. गोधडी गळ्यापातूर, त्वांड भितीकडं. ताप न्हाई, खोकला न्हाई, बोटाचा चिमटा लावला की सत्त्याण्णव दाखवतुया, आन् हा गडी पडून! डाक्टरनं एक फुंकायचं यंत्र दिलं व्हतं, त्यात तीन रंगाचे गोळे, फुंकून नव्हं, वढून वर आणायचे. यांनी एक डाव वढला, एक गोळा जरासा हालला, तर म्हणले, "बग. सांगत व्हतो." आन् यंत्र खाली ठिवलं. मग निरवानिरव सुरू. खुराकाचा पितळी गडू भाच्याला दिला. तालमीत फिरवायचे मुगदल शंभूच्या पोरांना दिले. आपल्या तेराव्याला कोण-कोण पायजे, त्याची यादी अमोलकडनं लिवून घेतली, आन् त्या यादीतनं हेमलताच्या नवऱ्याचं नाव काडलं, का तर त्यानं कुस्तीत एकदा माती टाकली व्हती डोळ्यात. चौऱ्याऐंशी साली!

"आवो उठा की!" मी वरडायची. "डाक्टर म्हणतुया, सगळं साफ व्हत आलंया."

"तुला काय जातंय म्हणायला," मालक भितीला सांगायचे. "तुजी तालीम चालू हाय. माजी बंद पडली. बंद तालमीत पैलवान थांबत न्हाई."

सव्वा महिन्यात नऊ किलो उतरले. दंडाची कातडी लोंबायला लागली. मी दयानंद डाक्टरला फोन केला, तर डाक्टर म्हणला, "बाई, काहीही करा, पण त्यांना उठवा. न चालता, न खाता असेच पडून राहिले तर फुप्फुसं आखडतील. परत न्यूमोनिया गाठायला वेळ लागणार नाही. आणि या अंगावर दुसऱ्यांदा..." मी फोन ठिवला. मोरीत जाऊन नळ सोडला आन् रडले.

बेचाळीस वर्सांचा संसार. भांडलो बी तेवढंच. मला त्यांच्याबिगर ते यौवन काय चुलीत घालायचं व्हतं? देवापुढं हात जोडून म्हणलं, आरं, ती गाठ माजी घे आन् त्यांच्या छातीत बशीव. पण खरं सांगू? देव खरंच आला आसता तर मी अर्धीच दिली आसती. गाडीपुरती ठिवली आसती.

मग फेरतपासणीचा दिस आला. डाक्टरनं सांगितलं व्हतं, दोघं या, आन् येताना शिटी सेंटरला मंगळवारी पुण्यावनं किमया मॅडम येत्यात, फोटो वाचणाऱ्या, त्यांना जुने फोटो दाखवा. मालक म्हणले, "मी येत न्हाई. माजं वाचून झालंया." मग मीच निगाले. दोन्ही लिफाफे डिकीत बसंनात, जुईलीच्या पाठीला बांधले, तिला मागं बसवलं आन् हाणली गाडी.

किमया मॅडम म्हंजी पोरगीच. केस आखूड, आवाज ग्वाड. तिनं माज्या लिफाफ्यातला मोठा काळा फोटो काडून उजेडाच्या पाटीवर लावला आन् बगत ऱ्हायली. मग माज्याकडं बगितलं. मग फोटोकडं. मग परत माज्याकडं.

"आजी, हा कुणाचा फोटो?"

"माजा. नाव बगा की. तुळजाबाई."

"आजी, हा पुरुषाचा आहे."

"आत्ता गं बया!" मी उठूनच उभी ऱ्हायले. "फोटोत मिशी दिसतीया काय?"

जुईली मागं फस्सकन हसली. मॅडमला बी हसू आवरंना. "मिशी नाही हो. पण बाईमाणसाची छाती स्कॅनमध्ये कळते. इथं तसं काही नाही. आणि हे खांद्याचे, मानेचे स्नायू बघा. हा माणूस कुस्ती खेळलेला आहे का?"

मी मान डोलावली. तिनं दुसऱ्या लिफाफ्यातला फोटो लावला. "आणि हा बाईचा. तुमचा. मंगळसूत्र काढलं नव्हतं ना तुम्ही? त्याचे मणी उमटलेत बघा इथं, पांढरे. रिपोर्ट लिहिणाऱ्याला गळ्यातली साखळी वाटली असेल."

काडलं नव्हतं मी. काडा-काडा म्हणलं सगळ्यांनी, मी म्हणलं, जीव गेला तर काडा.

आन् मग मला सगळं उजेडात दिसलं. त्या दिशी मालकांना आधी आत नेलं व्हतं. मी बाहीर खिडकीपाशी, अंगात ताप, डोळ्यापुढं काजवे. खिडकीतली पोरगी म्हणली, "पेशंटचं नाव सांगा." आता पेशंट माजा नवरा. आन् मी बेचाळीस वर्सांत नवऱ्याचं नाव घेतलं न्हाई. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेबी त्वांडात पदर धरून. आमच्या आईनं सांगितलं व्हतं, नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी हुतं. आन् आत त्यांचा दम आटत चाललेला! आसल्या टायमाला नाव घिऊ? ती पोरगी परत म्हणली, "नाव सांगा ना, मागं लाईन आहे." मी म्हणलं, "माजंच लिवा." तिनं लिवलं. मागनं मी आत गेले, तवा मालक बाहीर बसले व्हते, तिनं त्यांना नाव इचारलं, त्यांनी आपलं सांगितलं. झालं! त्यांच्या छातीला माजं नाव, माज्या छातीला त्यांचं. सेंटरवाल्यांची काय बी चूक न्हाई. सगळा घोळ ह्या तुळजाबाईचा.

"म्हणजे ग्रंथी जागी झाली ती तुमच्या यजमानांची," किमया मॅडम म्हणली. "चांगलीच मोठी झालीय. या वयात एवढी कमीच बघायला मिळते. आता बरे झाले की हळूहळू परत लहान होईल, त्याला घाबरायचं नाही."

"आन् माजी?"

"तुमच्या जागी चरबी. पण आजी, तुम्ही ठणठणीत आहात! ग्रंथी वाढली म्हणजे माणूस तरुण झाला, असं नसतंच मुळी."

ते तिनं म्हणायचं. खरं सांगते, उभ्या-उभ्या माजा डावा गुडगा दुखायला लागला. सव्वा महिना दुखला नव्हता मेला, त्या खोलीत दुखला. मग कंबर. मी भिंतीला धरून बाहीर आले आन् पायरीवर बसले. नावं बदलायला दोघांनी ओळखपत्र घिऊन यावं लागंल, मॅडम म्हणली व्हती.

जुईली शेजारी बसली. "आजी, तुम्ही तात्यांना नुसतं सांगा, तुमची पण जागी झालीय म्हणून. कागद दाखवूच नका. म्हणजे तुमचं पण राहील, त्यांचं पण होईल."

पोर गुणाची हाय. पण पैलवान माणूस बिनकागदाचं ऐकत न्हाई. जत्रंतला इनाम बी मोजून घ्यायचा. त्यांना कागूद दाखवायचा, म्हंजी सगळं सांगायचं. सगळं सांगायचं, म्हंजी देव्हाऱ्याजवळचा रिपोट काडायचा, हेमलतापुढं त्वांड पाडायचं, आन् अमोल म्हणणार, आई, आता दे ती चावी. त्यांनी उठायचं आसंल तर मी म्हातारं व्हायचं. मनात आलं, राहू दे की चार दिस, मग सांगू. व्हय, आलं मनात. पाच मिन्टं बसून ऱ्हायले मी त्या पायरीवर. आन् मग डोळ्यापुढं त्यांची ती लोंबती कातडी आली, आन् माजी मलाच शरम वाटली. उठले.

"जुईली, तू चालव. माजं वय झालं."

"चावी तुमच्याकडं आहे," ती म्हणली आन् मागं जाऊन बसली. आगाऊ कारटी!

मग काय, बसले. चावी फिरवली. गाडी सुरू झाली. तिला कुणी काय सांगितलं नव्हतं, ती आपली रोजच्यासारखी चालली. पिरंगुटच्या गर्दीतनं निगाले, टँकरच्या बाजूनं काडली, लवळ्याचा चढ चढले. गुडगा दुखत व्हता, पण गाडीला गुडगा लागतच न्हाई. निम्म्या चढावर माज्या ध्यानात आलं, की मी परत हसतीया. आसं कसं झालं म्हणून आजूनच हसू आलं, मागं जुईली वरडली, "आजी, समोर बघा!"

घरात शिरले. मालक तसेच, त्वांड भितीकडं. मी लिफाफे त्यांच्या गोधडीवर टाकले आन् एका दमात सगळं सांगून टाकलं.

मालक हळूच वळले. कागूद हातात घेतला, लांब धरून वाचला. "नाव तुजं हाय," म्हणले. "मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलतीयास."

"आवो, खोटं बोलायचं आसतं तर माजं यौवन घालवून बोलले आसते का? मॅडमनं फोटो बगितला. म्हणली, मान पैलवानाची हाय. दुसऱ्या फोटोत माजं मंगळसूत्र उमटलंया. बगा, हे मणी! हे मणी तुमच्या गळ्यात कवा व्हते?"

मालकांनी त्यो काळा फोटो खिडकीकडं धरला. बराच वेळ बगितला. मग मानेला हात लावला, फोटोतली मान बगितली, परत मानेला हात लावला.

"मग नावं कशी बदलली?"

सांगितलं. खिडकी, पोरगी, लाईन, सगळं. सांगताना मान वर निगंना माजी.

"म्हंजी," मालक म्हणले, "तू माजं नाव घेतलं न्हाईस, म्हणून मी सव्वा महिना मरत पडलोय?"

"आयुष्य कमी हुतं म्हणत्यात वो," मी म्हणलं, आन् मला रडूच कोसळलं. "तुमाला दम लागला व्हता. मी भ्याले. मला वाटलं, आत्ता नाव घेतलं आन् तिकडं आत काय झालं, तर? म्हणून माजं दिलं. म्हणलं, जायचं आसंल तर माज्या नावावरचं जाऊ दे."

मालकांनी फोटो गोधडीवर ठिवला. म्हणले, "आन् तुजी गाठ?"

"चरबी."

"मग सव्वा महिना गाडी कुणी पळवली?"

"चरबीनंच," मी नाक पुसत म्हणलं.

मालकांचं पोट हालायला लागलं. आधी गोधडीच्या आत, मग गोधडी बी हालायला लागली. हसले. आसे हसले, की ठसका लागला, मी पाठ चोळायला गेले तर मला बी हसू फुटलं, आन् दोघं कॉटवर बसून रडत हसत व्हतो, कुणी बगितलं आसतं तर डाक्टरला नव्हं, भगताला बोलावलं आसतं.

मग मालकांनी डोळे पुसले आन् म्हणले, "आता घे."

"काय?"

"नाव."

हसण्यावारी न्हेऊ नका, मी खरंच भ्याले. आईचा शबूद हाय, बेचाळीस वर्सं पाळला. "नगं वो," मी म्हणलं. "काय वाईट झालं म्हंजी?"

"न घेता काय चांगलं झालं?" मालक म्हणले. "नऊ किलो गेलो मी. घे."

मी पदर सारखा केला. देव्हाऱ्याकडं बगितलं. त्वांडातल्या त्वांडात म्हणलं, "भैरू."

काय बी झालं न्हाई. माणूस समोर तसाच बसलेला, डोळे मोठे केलेले.

"ऐकू आलं न्हाई," म्हणले. "आखाड्यात पुकारत्यात तसं पुकार."

मग म्हणलं, आता गेलीच हाय तर जाऊ दे. कंबरंवर हात ठिवले, छाती भरून दम घेतला, त्या चरबीसकट, आन् पुकारलं, "भैरू सखाराम केदारी! लवळं!" आसं पुकारलं, की गोठ्यातली म्हस उठली, वरनं पोरी धाडधाड जिना उतरून आल्या, आन् पलीकडनं हेमलता वरडली, "काय झालं गं? तात्या गेलं का काय?"

आन् माज्या नवऱ्यानं गोधडी बाजूला सारली, "हां, आलो," म्हणला, आन् कॉटवरनं दोन्ही पाय खाली सोडले.